बायपासनंतर चालायला नेमकं कोण अडवतं?

प्रश्न असा आला आहे: "बाबा ६३ वर्षांचे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. कराडला आई-बाबा दोघंच असतात, मी पुण्यात नोकरीला. साडेतीन महिन्यांपूर्वी बाबांची बायपास झाली. तपासण्या चांगल्या आहेत, पंपिंग ५५ टक्के आहे. सर्जन म्हणाले, 'रोज चाला, हलका व्यायाम करा.' बाबा फाटकापर्यंत जातात आणि परत येऊन खुर्चीत बसतात. आईला तर तेवढंही नको असतं. मी स्मार्टवॉच घेऊन दिलं, रोज फोन करते, तरी ढिम्म. हा आळस आहे का? काय केलं तर ते चालतील?"

मी हृदयरुग्णांसोबत काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे. बायपास, अँजिओप्लास्टी, अटॅक, कमी पंपिंग (म्हणजे हृदयाचा रक्त पुढे ढकलायचा जोर कमी) अशा सगळ्या प्रकारच्या माणसांना पुन्हा चालतं करणं हेच माझं रोजचं काम. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते: आळस नाही. ज्या माणसाने उभी नोकरी गर्दीच्या गाडीत तिकिटं फाडत पुढे-मागे करण्यात काढली, तो साडेतीन महिन्यांत आळशी होत नाही. तुमचे बाबा घाबरलेले आहेत, आणि त्यांना जो सल्ला मिळालाय तो इतका मोघम आहे की त्याच्या भरवशावर घाबरलेला माणूस फाटकाबाहेर पाऊल टाकणार नाही. बाकीच्या अडचणी बहुतेक वेळा या दोन गोष्टींच्या मागून येतात.

आधी भीतीचं बघू. बायपासच्या माणसाला "कशाची भीती वाटते?" असं विचारलं तर तो सहसा "हृदयाची" म्हणत नाही. "टाके तुटतील" म्हणतो. छातीचं मधलं हाड कापून ते स्टीलच्या तारांनी पुन्हा बांधलेलं असतं, आणि सुरुवातीचे सहा ते आठ आठवडे ते जुळेपर्यंत खरंच जपावं लागतं. जड उचलायचं नाही, हातांवर जोर देऊन उठायचं नाही, कुशीवर वळून मग उठायचं, खोकताना उशी छातीशी धरायची, दुचाकी चालवायची नाही. या सूचना डिस्चार्जच्या दिवशी दिल्या जातात, घरातलं प्रत्येक जण त्या पाठ करतं, आणि गोम इथेच आहे. बंदी घालायला सगळे असतात, बंदी उठली हे सांगायला कोणीच नसतं. फॉलो-अपला रिपोर्ट बघतात, गोळ्या बदलतात, दहा मिनिटांत पुढचा पेशंट आत येतो. "आता तुमचं हाड जुळलंय, पाण्याची कळशी उचला, दुचाकी चालवा, जिना चढा," हे वाक्य उच्चारलंच जात नाही. मग पहिल्या महिन्याचे नियम सहाव्या महिन्यातही चालू राहतात. मी तर वर्षभर कुशीवर वळून उठणारे लोक पाहिलेत.

म्हणून पहिलं काम हे: पुढच्या फॉलो-अपला तुम्ही स्वतः सोबत जा, आईलाही घेऊन जा, आणि सर्जनना त्या दोघांच्या समोर विचारा की हाड जुळलंय का, कुठली बंदी अजून आहे, कुठली संपली. साडेतीन महिन्यांनी बहुतेकांच्या बाबतीत जवळजवळ सगळी संपलेली असते. वळताना किंवा खोकताना हाडात 'कट' असा आवाज येत असेल, हाड हलल्यासारखं वाटत असेल, जखमेतून पाणी येत असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा सर्जनना भेटल्याशिवाय पुढे जायचं नाही.

दुसरी भीती अंगातल्या खुणांची. इतके दिवस बसून राहिलेला माणूस दोनशे पावलं चालला की छाती धडधडते, धाप लागते, पोटऱ्या भरून येतात. आधी हेच घडलं असतं तर "दमलो" म्हणून तो थांबला असता. आता त्याला वाटतं, अटॅक आलाच. त्यातून बायपासनंतर छातीत काहीतरी सतत जाणवत असतं: टोचणं, ओढ बसणं, डाव्या बाजूला बधिरपणा. बायपाससाठी ज्या पायातून शीर काढलेली असते तो संध्याकाळी सुजतो. या सगळ्यात हृदयाचं दुखणं कुठलं आणि जखमेचं कुठलं, हे एकदा शांतपणे समजावून सांगितलं तर निम्मा प्रश्न सुटतो. जखमेचं दुखणं साधारणपणे बोट ठेवून दाखवता येतं, दाबल्यावर, वळल्यावर, शिंकल्यावर वाढतं. हृदयाचं दुखणं दाखवताना माणूस सगळा पंजा छातीवर ठेवतो. ते दाबल्यासारखं, आवळल्यासारखं असतं, खांद्यात, हातात, जबड्यात, पाठीत जातं, श्रमाने येतं आणि थांबल्यावर ओसरतं. मधुमेह असेल तर दुखणं नसेलही, नुसती नेहमीपेक्षा वेगळी धाप किंवा घाम एवढीच खूण असू शकते. हे ठोकताळे आहेत, निदान नव्हे. पण प्रत्येक टोचणीला अटॅक समजणाऱ्या माणसाला त्यांचा मोठा आधार होतो.

एक सांगायला हवं, ही भीती घरच्यांनी शोधून काढलेली नाही. ती वैद्यकशास्त्रानेच रुजवली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अटॅक आलेल्या माणसाला सहा-सहा आठवडे अंथरुणात सक्तीने झोपवून ठेवत. १९५२ मध्ये सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाऊन या अमेरिकन डॉक्टरांनी अशा पेशंटना खुर्चीत बसवायला सुरुवात केली, तेव्हा तेही धाडसच समजलं गेलं. आपल्याकडच्या आजी-आजोबांच्या पिढीने जो 'हार्टचा पेशंट' पाहिला तो पलंगावरचा होता. विश्रांतीचा दुष्परिणाम किती, हे पुढे कळलं. १९६६ साली डॅलसमध्ये विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवलं. त्यांची श्रम करायची क्षमता एक चतुर्थांशाहून जास्त घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तर तीन दशकांच्या वयाने जेवढी घसरण झाली होती, त्यापेक्षा ती तीन आठवड्यांची घसरण मोठी निघाली. तुमचे बाबा विशीतले नाहीत आणि खुर्चीत तीन आठवडे नाही, तीन महिने आहेत. धाप लागते ती यामुळेही लागते, पण त्यांना वाटतं हृदय कमकुवत आहे म्हणून लागते, मग ते आणखी बसतात.

"पण चालताना काही झालं तर?" हा प्रश्न उरतोच, आणि तो रास्त आहे. देखरेखीखालच्या हृदयरोग-व्यायाम केंद्रांची जी आकडेवारी अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००७ मध्ये मांडली, तिच्यात सगळ्या पेशंटांचे व्यायामाचे मिळून एक लाखाहून अधिक तास भरतात तेव्हा हृदय बंद पडण्याची एक घटना होते, असा हिशेब आहे. तेही जिथे उपचार तिथल्या तिथे मिळतात. दुसऱ्या बाजूला, व्यायामाचा कार्यक्रम करणाऱ्या हृदयरुग्णांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी दिसतात. अनेक चाचण्या एकत्र करून तपासलेली ही गोष्ट आहे. मी हे आकडे पेशंटपेक्षा घरच्यांना जास्त वेळा सांगते.

म्हणजे मुख्यतः आईंना. 'आईला तेवढंही नको असतं' हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, मला मात्र ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १९८५ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. अटॅक येऊन तीनेक आठवडे झालेल्या तीस पुरुषांची ट्रेडमिलवर तपासणी होती. काहींच्या बायका बाहेर बसल्या होत्या, काहींच्या आत उभ्या राहून बघत होत्या, आणि काहींना बघून झाल्यावर त्याच ट्रेडमिलवर तीन मिनिटं स्वतः चालायला लावलं. 'माझ्या नवऱ्याचं हृदय एवढं श्रम झेपवू शकतं' हा विश्वास नवऱ्याच्या स्वतःच्या विश्वासाइतका वर आला तो फक्त तिसऱ्या गटातल्या बायकांचा. नुसतं बघून काम झालं नाही. स्वतःला दम लागला तेव्हा, नवरा किती करून गेला ते पटलं.

हे मी जसंच्या तसं वापरते. आमच्याकडे सहा मिनिटं चालण्याची तपासणी असते: तीस मीटरचा सरळ कॉरिडॉर, दोन टोकांना दोन खुणा, हातात घड्याळ. पेशंटने आपल्या वेगाने सहा मिनिटांत जमेल तेवढं अंतर कापायचं, वाटलं तर थांबायचं. बायपास होऊन तीन-चार महिने झालेले असे गृहस्थ येतात तेव्हा चित्र जवळपास ठरलेलं असतं. ते भिंतीच्या कडेने, एक हात छातीवर ठेवून, पायाकडे बघत निघतात. काकू बाकावर पर्स उघडी ठेवून बसलेल्या, आत सॉर्बिट्रेटची, म्हणजे छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायच्या गोळीची पट्टी बोटात धरलेली. पहिल्या वळणावर ते त्यांच्याकडे बघतात, त्या डोळ्यांनी "बसा" म्हणतात. दुसऱ्या वळणावर मी काकूंना उठवते आणि त्यांच्यासोबत चालायला लावते. चौथ्या मिनिटाला काकांपेक्षा काकूंची धाप मोठी असते. काका छातीवरचा हात केव्हा काढतात हे त्यांनाही कळत नाही. संपल्यावर नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन दोघांना दाखवायचं, अंतर लिहून द्यायचं. त्या कागदावर साडेतीनशे मीटर लिहिलेले असोत की पावणेपाचशे, घरी गेल्यावर त्याचं वजन माझ्या अर्ध्या तासाच्या समुपदेशनापेक्षा जास्त असतं.

तुमच्या गावाजवळ हृदयरुग्णांसाठी व्यायामकेंद्र असेलच असं नाही. अशी केंद्रं आपल्याकडे थोडी, आणि बहुतेक मोठ्या शहरांत. पण या तपासणीला यंत्र लागत नाही. फिजिओथेरपिस्ट असलेल्या कुठल्याही हॉस्पिटलात ती होऊ शकते. शिवाय नीट आखून दिलेला आणि फोनवरून पाठपुरावा केलेला घरचा कार्यक्रम केंद्रातल्या कार्यक्रमाइतकाच गुणकारी ठरतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. एक-दोनदा समोर, बाकी घरी, असं जमवा.

आता मोघम सल्ल्याकडे. 'हलका व्यायाम करा' म्हणजे काय करायचं? गोळीच्या चिठ्ठीवर 'थोडी घ्या' असं लिहिलेलं कोणी चालवून घेत नाही. किती मिनिटं, दिवसातून किती वेळा, केवढ्या वेगाने, कधी वाढवायचं, कधी थांबायचं, हे पाच आकडे ज्याच्याकडे नाहीत तो एकतर फाटकापर्यंत जातो, नाहीतर पहिल्याच उत्साहात चार किलोमीटर चालून दोन दिवस झोपून राहतो आणि म्हणतो, "बघा, मला सोसत नाही."

बाबांचे रिपोर्ट तुम्ही सांगता तसे असतील आणि सर्जनची हरकत नसेल, तर मी सुरुवात अशी लिहून देईन. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं, सपाट रस्त्यावर. पहिली दोन-तीन मिनिटं रमतगमत, शेवटची दोन-तीनही तशीच; एकदम थांबायचं नाही, कारण पायात उतरलेलं रक्त तिथेच राहून चक्कर येते. मधला वेळ असा की बोलता येईल पण अभंग म्हणता येणार नाही. दर दोन-तीन दिवसांनी एकेक-दोनदोन मिनिटं वाढवत न्यायची. महिना-दीड महिन्यात सलग अर्धा तास, आठवड्यातले पाच दिवस, इथवर पोचणं बहुतेकांना जमतं. वेग त्यानंतर. आधी वेळ वाढवायचा, मग वेग, दोन्ही एकदम नाही. जेवणानंतर दीड-दोन तास जाऊ द्यायचे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी निघायचं नाही, खिशात साखर ठेवायची. हा मधुमेहवाल्यांचा मोठा अडथळा आहे: पहाटे रिकाम्या पोटी निघून एकदा गरगरलं की माणूस पुन्हा निघतच नाही, आणि दोष हृदयाला देतो.

अभंगाची खूण मी मुद्दाम दिली. नेटवर '२२० वजा वय' असं नाडीचं सूत्र सापडेल. ते तुमच्या बाबांना लागू नाही. बायपास किंवा अटॅकनंतर मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल अशी नाडी संथ ठेवणारी गोळी बहुतेकांना चालू असते. त्या गोळीवर नाडी त्या सूत्राच्या आसपास जाणारच नाही, आणि जाईल एवढा जोर लावणं धोक्याचं. आम्ही त्याऐवजी स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांचं श्रमाचं मोजमाप वापरतो. सहा म्हणजे स्वस्थ बसलेलो, वीस म्हणजे जीव जाईल एवढं. बाबांनी अकरा ते तेराच्या आसपास राहायचं, म्हणजे 'हलकं' ते 'थोडं जड'. दोन-चार दिवसांत माणूस हे स्वतःचं स्वतः ओळखायला लागतो.

स्मार्टवॉच सध्या कपाटात ठेवा. वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही प्रेमाने दिलं. पण घाबरलेल्या माणसाच्या मनगटावर नाडीचा आकडा चोवीस तास दिसत राहिला की तो चालत नाही, आकडा बघत बसतो. ९८ दिसले की खुर्ची. हवं तर दोन महिन्यांनी पावलं मोजायला द्या. त्याऐवजी भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनात त्या दिवसाची मिनिटं पेनने लिहायला सांगा. दुधाचा हिशेब जिथे लिहितात तिथेच. कंडक्टरच्या हाताला हिशेब लिहायची सवय आहे, हे कदाचित बाकी सगळ्यापेक्षा लवकर लागू पडेल.

फोनचंही तसंच. "चाललात का?" या प्रश्नाला उत्तर हो किंवा नाही एवढंच असतं, आणि नाही म्हणायची लाज वाटली की माणूस फोन टाळतो. "आज चौकोनात काय लिहिलं?" असं विचारा. व्हॉट्सअ‍ॅपवर जिममध्ये कोसळणाऱ्या माणसांचे व्हिडिओ फिरतात तेही बाबांच्या गटातून येत असणार. त्यातल्या कोणाला काय आजार होता, कसली तपासणी झाली होती, काही माहीत नसतं, पण भीती पक्की होते. यावर वाद घालू नका. बाबांची बायपास झालीय, त्यांच्या रक्तवाहिन्यांची पूर्ण तपासणी झालीय, गोळ्या चालू आहेत, एवढंच सांगा. त्यांच्याबद्दल आपल्याला जेवढं माहीत आहे तेवढं त्या व्हिडिओतल्या बहुतेकांना स्वतःबद्दल माहीत नसावं.

कंडक्टरवरून आठवलं. व्यायाम आणि हृदयाचा संबंध दाखवणारा पहिला गाजलेला अभ्यास कंडक्टरांवरचाच आहे. १९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनच्या डबलडेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला, आणि झाला तर सौम्य. "मग मला का झाला?" असं बाबा विचारतील. साखर, रक्तदाब, तंबाखू, आनुवंशिकता, कारणं पुष्कळ असतात. चालण्याचा उपयोग त्यातल्या काहींवर होतो, सगळ्यांवर नाही. हे खरं खरं सांगावं. व्यायाम म्हणजे पुन्हा काही होणार नाही याची हमी, असं सांगून चालायला लावलेली माणसं पहिल्या कुरबुरीला चालणं सोडतात.

योगाबद्दल विचारलं नाहीत, पण विचाराल. प्राणायाम, अनुलोम-विलोम, शवासन जरूर करावं. भारतातल्या २४ हॉस्पिटलांत अटॅक येऊन गेलेल्या सुमारे चार हजार पेशंटांवर योगाधारित कार्यक्रमाची चाचणी झाली, २०२० मध्ये निष्कर्ष आले. पुन्हा अटॅक किंवा मृत्यू टळतात असं तिच्यात ठामपणे सिद्ध झालं नाही, पण योग केलेल्यांना स्वतःची तब्येत जास्त बरी वाटली आणि ते आधीच्या कामांकडे जास्त प्रमाणात परतले. माझ्या दृष्टीने हे थोडंथोडकं नाही. बाहेर पडायला न धजणाऱ्या माणसाची पहिली पायरी चटईवर होत असेल तर होऊ दे. मात्र अर्धा तास डोळे मिटून श्वास घेतला म्हणजे चालण्याचं काम झालं, अशी जी समजूत असते ती मला पटत नाही. कपालभातीसारखे जोराचे प्रकार आणि हातांवर भार येणारे सूर्यनमस्कार विचारल्याशिवाय सुरू करू नयेत.

तुमच्या बाबांच्या अगदी उलट टोकाचे पेशंटही मला भेटतात. कोरडवाहू शेतकरी, वॉचमन, हमाल. सरकारी योजनेतून अँजिओप्लास्टी होते, पाचव्या दिवशी माणूस घरी, पंधराव्या दिवशी शेतात. त्याला कोणी व्यायामाबद्दल सांगितलं तर तो हसतो. पण कामाचे श्रम आपल्या हातात नसतात: आज काही नाही, उद्या उन्हात चार तास खोदकाम. अशा माणसाला सकाळी बागेत फिरा म्हणण्यात अर्थ नाही. त्याच्याबरोबर बसून कामांची उतरंड लावायची: आधी गुरांना चारा-पाणी, मग फवारणी नको पण खुरपणी, पोतं उचलणं सगळ्यात शेवटी, तेही श्वास रोखून नाही.

आणि बायका. बायकांना हृदयविकार होत नाही असं समजणाऱ्या घरांत, तो झाल्यावर व्यायामासाठी वेळ मागायचा कसा? नवऱ्याची अँजिओप्लास्टी झाली की घर महिनाभर त्याच्याभोवती फिरतं, बायकोची झाली तर आठव्या दिवशी ती ओट्याशी असते. "घरकामात होतोच की व्यायाम" हे मी सुनांकडून, मुलांकडून आणि खुद्द पेशंटकडूनही ऐकते. घरकामात दमणूक होते, पण सलग, ठरावीक जोराचं चालणं होत नाही. शिवाय सकाळी सहा ते आठ ही फिरायची वेळ नेमकी डब्यांची. माझ्या एका पेशंट बाई साडीवर बूट घालायची लाज वाटते म्हणून पिशवीत कॅनव्हासचे बूट घेऊन निघायच्या, कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या पायरीवर बदलायच्या आणि चपला त्या दुकानदाराकडे ठेवायच्या. पुढे भजनी मंडळातल्या तिघी त्यांच्यासोबत निघायला लागल्या, तेव्हा बूट घरूनच घालून निघाल्या. बायकांच्या बाबतीत सोबत हीच बहुतेक वेळा किल्ली असते. आणि डब्यांची जबाबदारी घरातल्या दुसऱ्या कोणी उचलणं, ज्याबद्दल कुठल्याही डिस्चार्ज कार्डावर काही लिहिलेलं नसतं.

सोबत बाबांनाही हवी. आईंनी दोन्ही वेळा बरोबर जावं, त्यांच्याही गुडघ्यांना बरंच. कराडात प्रीतिसंगमाच्या बाजूला सकाळी फिरणारी माणसं असतात, त्यांत एसटीतले जुने सहकारी नक्की सापडतील. एखाद्याला गाठा आणि त्याला बाबांना घ्यायला दारावर येऊ दे. मुलीला नाही म्हणता येतं, दारात उभ्या राहिलेल्या जुन्या ड्रायव्हरला नाही. पावसाळ्यात घरातल्या घरात, गॅलरीत, नाहीतर मंगल कार्यालयाच्या रिकाम्या हॉलमध्ये. चिखलात घसरून खुबा मोडण्यापेक्षा ते बरं. उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर उन्हात नाही. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उन्हात रक्तदाब पटकन उतरतो. काहीतरी डोळ्यांसमोर ठेवलं तर आणखी चांगलं. बरेच जण वारीचं विचारतात. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे. पहिल्या वर्षी मी ते कुणाला सांगत नाही, दिवेघाटाची चढण तर नाहीच. पण पुढच्या आषाढीला एखादा सपाटीचा टप्पा, डॉक्टरांना विचारून, रोजच्या तासाभराच्या सरावानंतर, हे अशक्य नसतं.

मन उदास आहे का, हेही बघा. झोप लागत नाही, पहाटे जाग येते, कशात रस नाही, आवडीची बातमीसुद्धा ऐकत नाहीत, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर ते भीतीच्या पलीकडचं आहे. हृदयाच्या मोठ्या आजारानंतर नैराश्य चांगलंच आढळतं आणि व्यायाम न करण्याचं ते एक ठळक कारण आहे. त्यावर उपचार आहेत, हृदयाच्या गोळ्यांसोबत चालणारे आहेत. "मन घट्ट करा" हा उपचार नाही.

एक विषय मुलगी म्हणून तुम्ही काढणार नाही, पण हे वाचणारी इतर जोडपी आहेत म्हणून लिहिते. शरीरसंबंधाची भीती पुष्कळांना असते आणि कोणी विचारत नाही. दोन मजले जिना न थांबता, छातीत न दुखता चढता आला तर सहसा तेवढे श्रम झेपतात. मात्र सॉर्बिट्रेट किंवा नायट्रेटची दुसरी गोळी घेणाऱ्याने व्हायग्राच्या जातीची गोळी चुकूनही घेऊ नये; दोन्ही मिळून रक्तदाब जिवावर बेतेल इतका पडू शकतो.

थांबायच्या खुणा कागदावर लिहून फ्रिजवर लावा. चालताना छातीत दाब, हात-जबड्याकडे जाणारं दुखणं, एक शब्द बोलता येणार नाही एवढी धाप, गरगरणं, थंड घाम, नाडी वेडीवाकडी पळणं: थांबायचं, बसायचं. डॉक्टरांनी सॉर्बिट्रेट दिलेली असेल तर बसूनच, जिभेखाली. उभ्याने घेतली तर चक्कर येऊन पडायला होतं. पाच मिनिटांत उतरलं नाही तर वाट न बघता १०८ ला फोन. पंपिंग कमी असलेल्यांनी रोज सकाळी वजन करावं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं किंवा पाय सुजले तर व्यायाम बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं. ताप असेल त्या दिवशी सुट्टी.

आणि फॉलो-अपला जाताना हे प्रश्न चिठ्ठीवर नेऊन उत्तरं त्याच चिठ्ठीवर लिहून घ्या: हाड जुळलं का, किती किलोपर्यंत उचलायचं, टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून करायची हृदयाची तपासणी) करायची गरज आहे का, आणि केली तर कुठल्या टप्प्यापर्यंत गेले, झडपेचा किंवा ठोक्यांचा काही दोष आहे का, ज्यामुळे व्यायामावर मर्यादा येईल, नाडी संथ ठेवणारी गोळी कुठली, सॉर्बिट्रेट जवळ ठेवायची का, दुचाकी कधीपासून. डॉक्टर घाईत असतील तर त्यांच्या सहायकाला थांबवा. शेवटच्या ओळीत, 'रोज दोन वेळा दहा मिनिटं चालायला हरकत नाही' एवढं डॉक्टरांच्या हाताने आणि सहीने लिहून घ्या, आणि ती चिठ्ठी आईंकडे द्या.